ज्याला न्यायला कुणी आलं नाही

माझा भाचा चौदा वर्षांचा आहे. त्याच्या मोबाईलवर एक खेळ आहे. त्यात अणुयुद्ध होऊन गेलंय, शहर ओसाड पडलंय आणि त्या शहरात तो एकटा उरलाय. पडक्या दुकानांतून डबाबंद अन्न शोधायचं, पाणी गाळायचं, रात्री लपायला जागा हेरून ठेवायची. मागच्या सुट्टीत त्याने तो खेळ मला मन लावून समजावून सांगितला आणि शेवटी विचारलं, "मावशी, खरंच असं झालं तर एकटा मुलगा किती दिवस टिकेल गं?"

त्याला जेवायला हाक आली आणि विषय तिथेच राहिला. माझ्या डोक्यात मात्र तो प्रश्न घर करून बसला, कारण तो नुसता कल्पनेतला नाही. पृथ्वीवरच्या एका शहरात खरोखर बॉम्ब पडला आणि त्यानंतर तिथे आईबाप नसलेली, घर नसलेली मुलं उरली. हिरोशिमात अशी मुलं किती होती याचे अंदाज दोन हजारांपासून साडेसहा हजारांपर्यंत जातात. अंदाजांमधलं हे अंतर बघूनच मला पहिल्यांदा धक्का बसला होता. मेलेल्यांची मोजदाद कठीण असते हे कळतं. पण जिवंत मुलांची?

ही मुलं उरली कशी, इथून सुरुवात करायला हवी.

१९४५च्या मार्चमध्ये टोकियोवर एका रात्रीत झालेल्या बॉम्बफेकीत सुमारे एक लाख माणसं जळून मेली. त्यानंतर जपानमधली शहरं एकेक करून पेटत गेली. हिरोशिमा तोवर बचावलेलं होतं, पण आपली पाळी येणार हे सगळ्यांनी धरलेलं होतं. म्हणून एप्रिलपासून तिसरी ते सहावीच्या मुलांना शाळेसकट उत्तरेकडच्या डोंगरातल्या गावांत हलवायला सुरुवात झाली. ज्यांचे नातेवाईक खेड्यात होते ती मुलं त्यांच्याकडे गेली. बाकीची मियोशी, शोबारा अशा भागांत, साठ-सत्तर किलोमीटरवर, बौद्ध मंदिरांतून राहू लागली. मोठ्या दालनात ओळीने अंथरुणं, सोबत शिक्षक, पातळ पेज, रताळी, डोक्यात आणि कपड्यांत उवा. रात्री एकाने रडायला सुरुवात केली की सगळी ओळ रडायची.

सहावी पार करून माध्यमिक शाळेत गेलेली बारा-तेरा वर्षांची मुलं-मुली मात्र शहरातच राहिली, कारण त्यांच्यासाठी काम होतं. आग एका वस्तीतून दुसरीत पसरू नये म्हणून घरांच्या रांगाच्या रांगा पाडून रुंद मोकळे पट्टे केले जात होते. मोठी माणसं दोर लावून घर ओढून पाडायची आणि ही मुलं कौलं, लाकडं उचलून बाजूला रचायची. ६ ऑगस्टच्या सकाळी अशी सुमारे आठ हजार मुलं कामावर होती. सव्वाआठ वाजता बॉम्ब पडला तेव्हा ती शहराच्या मध्यभागी, उघड्या आभाळाखाली होती. त्यातली सहा हजारांच्या आसपास मेली. त्यांतल्या एका पट्ट्यावरून आज शंभर मीटर रुंदीचा शांतता मार्ग जातो. तिथल्या संग्रहालयात तेरा वर्षांच्या एका मुलाचा जेवणाचा डबा आहे. आतलं जेवण कोळसा झालंय. आई मुलाला शोधत गेली तेव्हा हा डबा तिला त्याच्या देहाखाली सापडला होता.

एका इयत्तेचा फरक होता. सहावीतला भाऊ डोंगरातल्या मंदिरात, सातवीतली ताई शहरात रस्त्यावर. आई घरी, वडील कामावर, धाकटं बाळ आईच्या पाठीशी बांधलेलं. ही एका घराची गोष्ट म्हणून लिहीत नाही, असं घर त्या शहरात गल्लोगल्ली होतं. ज्या मुलांना घरातल्यांनी जड मनाने लांब पाठवलं, तीच घरातली शेवटची माणसं ठरली.

मला सगळ्यात जास्त छळतात ते त्यानंतरचे आठवडे. मंदिरातल्या मुलांना आधी काहीच सांगितलं गेलं नाही. मग डोंगराकडे येणाऱ्या गाड्यांतून भाजलेली माणसं उतरू लागली. गावातल्या शाळांत त्यांना आडवं केलं जाऊ लागलं आणि मुलांना कळायचं ते कळलं. १५ ऑगस्टला जपानने शरणागती पत्करली. युद्ध संपलं, म्हणजे आता घरी जायचं. आणि घरून माणसं येऊ लागली. कुणाचे वडील आले डोक्याला फडकं गुंडाळून. कुणाची आई आली, केस गेलेली, आणि मूल तिला ओळखेना. कुणाचा काका, कुणाची आजी. नाव पुकारलं जायचं, मुलगा उठायचा, आपलं बोचकं उचलायचा. उरलेली मुलं पायरीवर बसून फाट्याकडे बघत राहायची. हे सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत चाललं. रोज थोडी मुलं कमी. रात्री दालनात अंथरुणांच्या ओळीत मोकळ्या जागा वाढत चाललेल्या.

शेवटी जी राहिली, त्यांना कुणी येऊन सांगितलं नाही की तुमचं कुणी उरलं नाही. ते त्यांचं त्यांनीच उमगून घेतलं, एकेक दिवस मोजत. दहा-बारा वर्षांच्या मुलाने रोज संध्याकाळी थोडं थोडं असं समजून घेणं काय असेल, याचा विचार करताना मला आजही वाचन थांबवावं लागतं.

कुणी सोबतीने, कुणी एकेकटी, ही मुलं शहरात परतली. घराच्या जागी कौलांचे तुकडे, कुठे न्हाणीघराची फरशी ओळखू यायची, कुठे तेही नाही. आईवडिलांचे देह सापडण्याचा प्रश्न नव्हता. आज शांतता उद्यानात गवताने झाकलेला एक गोल उंचवटा आहे. त्याखाली सुमारे सत्तर हजार बेनाव माणसांची राख आहे. पुष्कळ मुलांना आईबाप भेटायचे तर तिथेच.

सप्टेंबरच्या १७ तारखेला तर निसर्गानेही दया दाखवली नाही. माकुराझाकी नावाचं वादळ हिरोशिमावर आलं. एकट्या हिरोशिमा प्रांतात दोन हजारांवर माणसं मेली. जळालेल्या शहरात पत्रे आणि फळ्या टेकवून जे आडोसे उभे राहिले होते ते वाहून गेले. हवामानशास्त्रज्ञांनी त्या वादळाचा दाब आणि पाऊसही नोंदून ठेवलाय. त्या रात्री पुलाखाली कोण होतं, हे नोंदवायला मात्र कुणी नव्हतं.

मग राहिले नातेवाईक. १९४८च्या फेब्रुवारीत जपान सरकारने देशभरातल्या अनाथ मुलांची पाहणी केली. आकडा आला १,२३,५११. वीस वर्षांपर्यंतची मुलं त्यात धरली होती आणि शाळेच्या वयाची, आठ ते चौदाची, ५७,७३१ होती. प्रांतवार बघितलं तर हिरोशिमात सगळ्यात जास्त. त्या पाहणीत आणखी एक वाटणी आहे आणि ती मी अनेकदा काढून बघते. १,०७,१०८ मुलं नातेवाइकांकडे. १२,२०२ अनाथाश्रमांत. आणि ४,२०१ एकटी राहणारी. तीही ज्यांना गाठून कागदावर घेता आलं तेवढीच. पोलीस दिसले की पळणारी पोरं पाहणीच्या माणसासमोर थोडीच उभी राहणार होती.

लाखावर मुलं नातेवाइकांकडे, हे वाचून हायसं वाटतं. पण त्याच मुलांच्या म्हातारपणीच्या साक्षी वाचल्या की ते हायसं वाटणं टिकत नाही. देशातच अन्न नव्हतं. काकाच्या घरी आधीच पाच तोंडं, त्यात हे सहावं. आश्रिताचं जिणं कसं असतं हे आपल्याकडेही काही वेगळं नाही: पहाटे उठून पाणी भरायचं, काकूची पोरं सांभाळायची, शाळा सुटायची, आणि ताटात शेवटी जे उरेल ते आपलं. कुणी उघड बोलायचं, तूही तिथेच का नाही मेलास. मला त्या काका-काकूंना दोषी ठरवता येत नाही. उपाशी घरात दया फार काळ पुरत नाही. पण तेरा वर्षांचं पोर हा हिशेब मांडत नाही. ते एका रात्री निघून जातं. आणि जातं ते थेट स्टेशनवर.

स्टेशनच का, हे मला पुस्तकातून कळावं लागलं नाही. मी काही वर्षं मुंबईत एका स्टेशनजवळच्या रात्रशाळेत शिकवायला जात असे. तिथली निम्मी मुलं फलाटावर राहणारी. घर सोडून आलेलं मूल शहरात कुठेही उतरलं तरी दुसऱ्या दिवशी फलाटावरच सापडतं. डोक्यावर छप्पर असतं, रात्रभर दिवा असतो, गर्दीत कुणी विचारत नाही तू कोण, आणि माणसं खातात तिथे काहीतरी सांडतं, उरतं. शिवाय आधीची मुलं असतात. नव्या पोराला पहिल्या रात्री धरून कुठे झोपायचं, कुणापासून लांब राहायचं हे सांगणारा एखादा सोळा वर्षांचा 'दादा' असतो. तो मारतोही आणि वाटून खातोही. माझ्या एका विद्यार्थ्याने मला शांतपणे सांगितलं होतं की पहिले तीन दिवस कुणी भेटलं तर पोरगं जगतं.

हिरोशिमा स्टेशनच्या बाहेर काळाबाजार उभा राहिला होता. रेशनवर जे मिळत नव्हतं ते तिथे मिळायचं: तांदूळ, साखर, लष्करी घोंगड्या, सिगारेटी. मुलं त्याच्या कडेकडेने जगली. बूटपॉलिश केलं. वर्तमानपत्रं विकली. रस्त्यावरची सिगारेटची थोटकं गोळा करून, त्यांतली तंबाखू पुन्हा कागदात वळून विकली. ढिगाऱ्यांतून तांबं, शिसं, लोखंड उपसून भंगारवाल्याला दिलं. खिसे कापले. बाजारावर गुंडांच्या टोळ्यांचा ताबा होता आणि हुशार, चपळ पोरांना त्यांनी लवकर हाताशी धरलं. काहींचं उरलेलं आयुष्य तिथेच गेलं. शहरात लोक लोहमार्गाकडेला उगवणाऱ्या तणाचेही गोळे करून खात होते. मुलांना तेही पोटभर मिळत नव्हते. हिवाळ्यात, सकाळी गर्दी सुरू झाली तरी न उठलेली मुलं स्टेशनात सापडायची. टोकियोत उएनो स्टेशनच्या भुयारी वाटेत तर हे रोजचं झालं होतं.

पोलीस अधूनमधून गाडी घेऊन यायचे आणि भटक्या कुत्र्यांसारखं घेरून मुलांना धरून न्यायचे. कुठल्या तरी आश्रमात सोडायचे आणि मुलं तिथून पळून पुन्हा स्टेशनवर यायची. बाहेरच्यांना हे कृतघ्नपणाचं वाटतं. मला वाटत नाही. ज्याचं सगळं एकदा न विचारता नेलं गेलंय, त्याला पुन्हा कुणी न विचारता कुठे नेलं की तो पळणारच. निदान स्टेशनवर आपण स्वतः येऊन थांबलेलो असतो.

भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं. एकटं मूल टिकत नाही. मी जेवढ्या साक्षी वाचल्या, त्यांतल्या प्रत्येकीत कुठेतरी एक माणूस आहे: सोबत झोपणारा थोरला पोरगा, रताळ्याचा तुकडा टाकणारी बाजारातली बाई, देवळातला भिक्खू, शेवटपर्यंत आठवणीत राहिलेली शिक्षिका. ज्यांच्या वाट्याला असं कुणी आलं नाही त्यांच्या साक्षी नाहीत.

इथे आपल्या माणसांचाही एक धागा आहे आणि तो फारसा कुणाला ठाऊक नसतो. १९४६पासून हिरोशिमासकट पश्चिम जपानच्या काही भागाचा ताबा ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या फौजेकडे होता आणि तिचं ठाणं हिरोशिमाच्या शेजारच्या कुरे बंदरात होतं. तिच्यातल्या भारतीय ब्रिगेडचे प्रमुख थिमय्या होते, जे पुढे आपले लष्करप्रमुख झाले. त्या ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची पलटण होती. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडची, मागे घरी तेवढीच पोरं ठेवून आलेली माणसं. बेचिराख झालेला तो मुलूख त्यांनी पाहिला. १९४७मध्ये देश स्वतंत्र होत असताना ती परतली. कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी माळ्यावरच्या ट्रंकेत एखादा फोटो, एखादं पत्र असेलच असं मला मनापासून वाटतं. आपल्या आजोबा-पणजोबांचं असं काही कुणाकडे असेल तर ते जपून ठेवा. त्या काळातल्या त्या शहराकडे मराठी डोळ्यांनी बघणारे तेवढेच होते.

मुलांना जवळ करणारे लोकही उभे राहिले आणि त्यांची नावं घ्यायलाच हवीत. यामाशिता गिशिन यांनी १९४५च्या डिसेंबरात शहराच्या पश्चिमेला इत्सुकाइची इथे युद्धात अनाथ झालेल्या मुलांसाठी घर काढलं. मंदिरांत मागे राहिलेली, कुणी न्यायला न आलेली मुलं तिथे आणली गेली. त्यातल्या काही मुलांनी आईवडिलांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करता यावी म्हणून मुंडन करून बौद्ध दीक्षा घेतली. एवढ्याशा मुलांना दुसरं काही देता येण्यासारखं उरलं नव्हतं. १९४६मध्ये हिरोशिमाच्या उजिना बंदरासमोरच्या निनोशिमा बेटावर आणखी एक आश्रम सुरू झाला. बॉम्ब पडल्यावर सुमारे दहा हजार जखमींना होड्यांतून याच बेटावर आणलं होतं आणि त्यातले पुष्कळ तिथेच मेले, तिथेच घाईने पुरले गेले. १९७१मध्ये तिथे खोदकाम केलं तेव्हा सहाशेहून जास्त माणसांच्या अस्थी निघाल्या. स्टेशनवरून आलेली पोरं वर्षानुवर्षं त्या जमिनीवर खेळली होती. आश्रम मात्र टिकला, आणि मुलं तिथे वाढली, शिकली, कामाला लागली.

आपल्या शाळांत हिरोशिमा दिनाला सादाकोची गोष्ट सांगतात. दोन वर्षांची असताना ती बॉम्बमधून वाचली, अकराव्या वर्षी आजारी पडली, कागदी बगळे करत राहिली आणि १९५५मध्ये बाराव्या वर्षी गेली. मीही ती गोष्ट अनेकदा सांगितली आहे आणि पुढेही सांगेन. पण तिच्या उशाशी आईवडील होते, तिच्यासाठी वर्गमित्रांनी पैसे जमवून स्मारक उभं केलं. तिच्याच शहरात तिच्याहून थोडा मोठा एक मुलगा तेव्हा कुठल्या तरी कारखान्यात राहून काम करत होता. लग्नाच्या वेळी घराणं विचारलं की गप्प बसत होता, नोकरीसाठी जामीन कोण हे विचारलं की परत फिरत होता. त्याची गोष्ट मुलांना सांगायला अवघड आहे, कारण ती लवकर संपत नाही. तो चाळीस, साठ, ऐंशी वर्षं जगतो. अशा पुष्कळांनी बायकोलाही काही सांगितलं नाही. सत्तरीनंतर बोलायला लागले.

आणि सरकारी कागदावर त्यांचं काय झालं? १९५७मध्ये अणुबॉम्बपीडितांच्या उपचारांसाठी कायदा झाला. त्याप्रमाणे बॉम्बच्या वेळी शहरात असलेल्यांना, किंवा नंतर दोन आठवड्यांच्या आत केंद्रापासून साधारण दोन किलोमीटरच्या परिसरात आलेल्यांना पीडित म्हणून पुस्तिका मिळते आणि तिच्यावर औषधोपचार. डोंगरातल्या मंदिरात वाट बघत राहिलेला मुलगा ऑक्टोबरात परतला. त्याच्या शरीरावर किरणांचा परिणाम झालेला नाही, म्हणून तो या व्याख्येत बसत नाही. सैनिकांच्या वारसांना पन्नाशीच्या दशकात निवृत्तिवेतन पुन्हा सुरू झालं. सामान्य नागरिकांच्या मरणाबद्दल, म्हणजेच या मुलांच्या आईबापांबद्दल, भरपाई दिली गेली नाही. युद्धाचं नुकसान सगळ्यांनीच सोसायचं असतं, अशी त्यामागची भूमिका. २०२४मध्ये बॉम्बपीडितांच्या निहोन हिदान्क्यो या संघटनेला शांततेचं नोबेल मिळालं तेव्हा संघटनेच्या वतीने तानाका तेरुमी यांनी ओस्लोच्या व्यासपीठावरून हे ठासून सांगितलं, की मेलेल्यांसाठी जपान सरकारने आजवर काहीही भरपाई दिलेली नाही. तेव्हा ते ९२ वर्षांचे होते. मला त्यांच्याबद्दल अपार कृतज्ञता वाटली. बॉम्ब टाकणाऱ्यांबद्दल बोलणं एक वेळ सोपं असतं, जगभर टाळ्या वाजत असताना स्वतःच्या सरकारला विचारणं कठीण.

शांतता उद्यानात कमानीखाली दगडाची पेटी आहे. तिच्यात बॉम्बमुळे आणि त्यानंतर मेलेल्या पीडितांची नावं असलेल्या वह्या ठेवलेल्या असतात. दर ६ ऑगस्टला त्या वर्षात गेलेल्यांची नावं त्यात चढतात. आता ती तीन लाख चाळीस हजारांच्या वर गेली आहेत. मंदिरातून परतलेल्या त्या मुलाच्या आईचं, वडिलांचं, ताईचं आणि पाठीशी बांधलेल्या बाळाचं नाव त्यात आहे, कारण अर्ज भरून ते त्यानेच घालून घेतलं. तो गेल्यावर त्याचं नाव मात्र त्या वहीत येत नाही.